यागरचा जागर

हे मला आजवर कुणी सांगितलं का नाही? हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि बर्फ म्हटला की काला खट्टा, एवढ्यावर माझी चाळिशी उलटली! मग एका रात्री मोबाइलवर एक क्लिप आली. बर्फावर सुसाट निघालेला धिप्पाड गडी, हेल्मेटखालून मानेवर लोळणारे केस, काठीच्या टोकाशी काळी रबरी चकती. दोघे अंगाला लोंबकळताहेत आणि हा पठ्ठ्या सरळ गोलकडे! झोप उडाली ती उडालीच.

यारोमीर यागर, आइस हॉकीतला चेक खेळाडू. इंग्रजी स्पेलिंग वाचून मी चार दिवस 'जागर' म्हणत होतो. रात्र रात्र जागूनच बघत होतो, तेव्हा फारसं चुकलं नाही म्हणा.

जन्म 1972चा, प्रागजवळच्या क्लादनोचा. आणि लहानपणापासून रोज हजार उठाबशा! तालमीतला पैलवानच की. त्याची चकती कुणाला हिसकावता का येत नाही, ते इथे उलगडतं. प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करायची, मांड्या रोवायच्या, बूड मागे रेटायचं आणि लांब हातांनी चकती पलीकडे खेळवत ठेवायची. मागचा बिचारा खांबाला धक्के देतोय.

अठराव्या वर्षी अमेरिकेत, पिट्सबर्गच्या संघात. 1991 आणि 1992, पहिल्या दोन्ही हंगामांत स्टॅन्ली कप, म्हणजे तिथल्या लीगचं विजेतेपद! पण मी अडकलो ते त्याच्या पाठीवरच्या आकड्यात. 68. मला वाटलं, असेल काही शुभ अंक. छे! चेकोस्लोव्हाकियातल्या कम्युनिस्ट राजवटीने त्याच्या आजोबांची शेती घेतली, त्यांना तुरुंगात टाकलं. ते गेले 1968 साली. त्याच वर्षी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. पोराने ते साल अंगावरच घातलं.

आणि आता ऐका. 1998, नागानोचं हिवाळी ऑलिंपिक, अंतिम सामना. समोर कोण? रशिया! तीस वर्षांनी! गोलरक्षक हाशेकने एकही चकती आत जाऊ दिली नाही आणि चेक संघ 1-0ने जिंकला. गोल यागरचा नव्हता, हे कबूल. तो मारला स्वोबोदा नावाच्या खेळाडूने. स्वोबोदा म्हणजे चेक भाषेत स्वातंत्र्य. कादंबरीत कुणी असं लिहिलं असतं तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं.

आकडेही आहेत: एनएचएल या तिथल्या लीगमध्ये 766 गोल, 1921 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून); गुणांत वर फक्त वेन ग्रेट्झ्की. पण 2018 साली, पंचेचाळिशीत, तिथलं दुकान आवरून हा गेला कुठे? क्लादनोला. तिथल्या संघाचा मालक तेव्हा तोच होता. पन्नाशी ओलांडल्यावरही बर्फावर हजर होता, पाठीवर तोच 68. त्याला बाहेर कोण बसवणार? आमच्या गल्लीतला नियम तिथेही चालला: ज्याची बॅट, त्याची बॅटिंग.