गाडी, पायऱ्या आणि आमचा धाकटा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने वसतिगृहातील आठवणी लिहिण्याची सूचना केली, तेव्हा आमच्यापुढे पेच पडला. आठवणी पुष्कळ आहेत. पहाटेचे त्रिसरण, भातासोबतची पातळ डाळ, कंदिलाची अभ्यासिका. परंतु त्या आमच्या 1986 च्या तुकडीतील इतर मित्र अधिक रसाळपणे लिहितील. म्हणून आम्ही उभयतांनी ठरविले की, गेल्या काही वर्षांत ज्या प्रश्नाने आमचे घर व्यापले आहे, तोच या कुटुंबापुढे मांडावा. हे कुटुंब आहे म्हणूनच मांडता येतो.

आमचा धाकटा मुलगा 2009 साली जन्मला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तो बसू शकत नाही, बोलू शकत नाही. हसतो मात्र दिलखुलास. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर नव्वद टक्के असा आकडा आहे. उमरेडजवळच्या आमच्या गावाहून नागपूर सुमारे 50 किलोमीटर. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीसाठी तेथे जावे लागते. तो लहान होता तोवर आम्ही त्याला कडेवर घेऊन एसटीत चढत असू. अकराव्या वर्षी तो कडेवर मावेना, चौदाव्या वर्षी त्याचे वजन 36 किलो झाले. स्नायू ताठरले की ते वजन दुप्पट वाटते. त्याच्या आईची कंबर याच काळात गेली.

एसटी महामंडळ दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत देते, अधिक तीव्र अपंगत्व असेल तर सोबत्यालाही 50 टक्के देते. रेल्वेतही अशी सवलत आहे. आम्ही या सवलतींचे ऋण मानतो. परंतु सवलत तिकिटात आहे, पायऱ्यांत नाही. गुडघ्याएवढ्या उंच पायरीवर 36 किलोचे ताठरलेले शरीर चढविताना मागे रांग खोळंबते, कंडक्टर घड्याळ पाहतो, आणि कुणीतरी सहानुभूतीनेच म्हणते, "कशाला आणता हो याला बाहेर?" हा प्रश्न आम्ही शेकडो वेळा ऐकला आहे. विचारणारे दुष्ट नसतात.

मग भाड्याची मोटार. एका फेरीचे 1,600 रुपये, महिन्याला आठ फेऱ्या, म्हणजे 12,800. शिक्षकाच्या पगारातून मोठीचे शिक्षण आणि आईचे औषध भागवून हा खर्च फार दिवस पेलणारा नव्हता. फेऱ्या आठवरून चारवर आल्या, पुढे दोनवर. दोन महिन्यांत मुलाचे गुडघे पुन्हा वाकू लागले. त्याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

इतिहास शिकवणाऱ्याला वाहन ही गोष्ट साधी वाटू शकत नाही. बाबासाहेबांनी लहानपणीचा मसूर स्थानकावरचा प्रसंग लिहून ठेवला आहे. वडिलांकडे निघालेल्या त्या मुलांना कुणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर, एक गाडीवान तयार झाला. पुढे 1929 साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला, म्हणून टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला. मोरीवर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. आमच्या मुलाची व्यथा आणि अस्पृश्यतेचे ते पाप एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही जास्तीचे भाडे आणि परावलंबी प्रवास या दोन्ही गोष्टी वाचताना आता आम्ही पूर्वीपेक्षा अधिक वेळ थांबतो.

गाडी घेण्याचे ठरले ते 2023 साली. वापरलेली मारुती ईको 2,60,000 रुपयांना मिळाली. मागचे आसन काढून, गावातल्या वेल्डरकडून घडीचा लोखंडी उतार, खुर्ची जखडण्याचे पट्टे आणि कड्या, यांना 38,000 लागले. वेल्डरने आमच्याकडून उताराचे माप विचारले. सार्वजनिक इमारतीत एकास बारा हे प्रमाण धरतात. गाडीचा तळ जमिनीपासून दीड फूट, म्हणजे उतार अठरा फूट हवा! अठरा फुटी उतार गाडीत घेऊन कोण फिरणार? शेवटी आठ फुटांवर तडजोड झाली, आणि ढकलायला दोन माणसे. वेल्डरने मजुरी लावली नाही, पत्र्याचेच पैसे घेतले. हे त्याला आवडणार नाही, तरी नोंदवतो.

नोंदणीच्या वेळी एका कार्यालयात आम्हाला विचारण्यात आले, "गाडी मुलगा चालवणार का? नाही ना? मग ही दिव्यांगाची गाडी कशी?" मोटार वाहन कायदा 1988 मध्ये अशा वाहनाची व्याख्या आहे. दिव्यांग व्यक्तीने किंवा तिच्यासाठी वापरायचे वाहन, असा तिचा आशय आहे. "तिच्यासाठी" या एका शब्दासाठी आम्ही चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला कायद्याचे पुस्तकच सोबत नेले. संबंधित लिपिकाने ते शांतपणे वाचले आणि अर्ज घेतला. तो गृहस्थ वाईट नव्हता, त्याला कुणी वाचायला दिले नव्हते इतकेच.

पैशांचे सांगायचे तर शिक्षक पतसंस्थेचे 2,00,000 कर्ज, भविष्य निर्वाह निधीतून 60,000. उरलेले 38,000 आमच्या तुकडीच्या मित्रांनी न सांगता जमा करून पाठविले. घरात दोन दिवस यावर बोलणे झाले. ज्यांनी आयुष्यभर भीक नको, हक्क हवा असे विद्यार्थ्यांना सांगितले, त्यांनी हे कसे घ्यावे? आमच्या सहचारिणीने तोड काढली. पैसे उसने म्हणून घ्यायचे. मित्र परत घेईनात, तेव्हा दरमहा 1,000 रुपये शाळेच्या विद्यार्थी निधीत भरायचे ठरले. पतसंस्थेचा हप्ता 6,500, एका फेरीचे पेट्रोल सुमारे 700. म्हणजे भाड्याच्या मोटारीपुरत्याच खर्चात आता आठही फेऱ्या होतात. मागच्या अशोक विजयादशमीला मुलाला प्रथमच दीक्षाभूमीवर नेले. एवढी गर्दी त्याने पाहिली नव्हती. तो घाबरेल असे वाटले होते. तो परतीच्या वाटेवर रडला.

आता शाळेकडे वळतो. संस्था नवी बस घेणार असल्याचे समजले, आनंद झाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये दिव्यांग मुलांसाठी, आणि अधिक आधार लागणाऱ्यांच्या मदतनिसासाठीही, वाहतुकीची सोय करण्याचे सांगितले आहे. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय 2012 च्या दुरुस्तीने दिला. तो पर्याय चांगलाच आहे. परंतु गाडी नाही म्हणून घरी बसावे लागले, तर तो पर्याय उरत नाही. आमच्या मुलाकडे विशेष शिक्षक घरी येतात. त्यांच्याविषयी आदरच आहे, पण मुलाला वर्गमित्र नाही. बस निवडतानाच एक रुंद दार, एक उतार आणि एका खुर्चीची जागा मागून घ्यावी; नंतर बसवायला अधिक पैसे लागतात, हे आम्ही वेल्डरकडे शिकलो.

बसमधून उतरलेले मूल कार्यालयात कसे जाणार, हाही प्रश्न आहे. दारासमोर तीन पायऱ्या आहेत. गेल्या महिन्यात शाळेत आलो तेव्हा आम्ही टेपने मोजल्या. एकूण उंची 45 सेंटीमीटर, म्हणजे एकास बाराच्या हिशेबाने 5.4 मीटर उतार. डाव्या बाजूला कडुनिंबापर्यंत तेवढी जागा आहे, झाड तोडावे लागत नाही. मोजमापाचा कागद मुख्याध्यापकांकडे दिला आहे.