एस्पेरार

माझी नात माद्रिदला असते. तिचे मराठी अद्याप दुधाच्या दातांत अडखळते, तेव्हा आजोबांनीच स्पॅनिश शिकावे असे घरात ठरले! निवृत्त कारकुनाला वेळेचा काय तोटा? पण दुसऱ्याच धड्यात 'एस्पेरार' हे क्रियापद आडवे आले. कोशात अर्थ दोन : वाट पाहणे आणि आशा करणे. मला वाटले, छापखान्याची चूक असेल.

चूक नव्हती. मूळ लॅटिन शब्द 'स्पेरारे', म्हणजे आशा करणे. स्पॅनिश माणूस साध्या बससाठी थांबला, तरी त्याच्या भाषेच्या हिशेबी तो आशाच करीत असतो! तिकडे प्रतीक्षालयाला 'साला दे एस्पेरा' म्हणतात. (साला म्हणजे दालन, उगाच हसू नये.) 1887 साली डॉ. झामेनहोफ यांनी आपली जागतिक भाषा प्रसिद्ध केली, ती 'डॉ. एस्पेरांतो', म्हणजे आशा करणारा, या टोपणनावाने. पुढे ते नाव भाषेलाच चिकटले. इंग्रजीतली भावंडे मात्र करंटी निघाली : 'डिस्पेअर' आणि 'डेस्परेट'. दोघांनीही आशा सोडलेली!

मग इंग्रजांचे 'एक्स्पेक्ट'? ते या गोतातले नव्हेच. त्याचे मूळ लॅटिन 'स्पेक्तारे', म्हणजे पाहणे. नाकावरच्या 'स्पेक्टॅकल्स'शी त्याचे नाते. आणि गंमत अशी, की आपणही डोळ्यांनीच थांबतो. 'प्रतीक्षा' काय आणि 'अपेक्षा' काय, दोहोंत संस्कृत 'ईक्ष्', पाहणे, हाच धातू. मराठीत तर उघडउघड वाटच पाहायची!

हे सारे मी मोठ्या उत्साहाने हिला ऐकवले आणि मग जीभ चावली. काचबिंदूने हिची दृष्टी गेली, त्याला दोन वर्षे झाली. नात गेल्या दिवाळीलाही येणार होती, आली नाही. यंदा येणार म्हणून ही सकाळपासून चाचपडत करंज्यांना मुरड घालीत बसली होती.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग हीच म्हणाली, "म्हणजे मराठीत वाट पाहणे आता मला जमायचे नाही. तो तुमचा दुसरा शब्द काय म्हणालात? सांगा बरे पुन्हा."

मी सांगितला. तिने तो दोनदा तोंडात घोळवला आणि पुढची करंजी हातात घेतली.