‘काही नाही, नुसतं टेंगूळ आलंय’

माझ्या कन्सल्टिंग रूममध्ये टेबलामागच्या भिंतीवर एक फोटो आहे. निळ्या शिडांची छोटी होडी, मागे गर्द झाडी, बाजूला दोन हंस. ‘‘डॉक्टर, हे केरळ का?’’ असं पेशंट हमखास विचारतात. आल्या आल्या दोन मिनिटं गप्पा झाल्या की रक्तदाबाचा आकडाही जरा खरा येतो, म्हणून मी फोटोबद्दल थोडं बोलतो. पूर्ण गोष्ट मात्र सांगत नाही. गेल्या महिन्यात एक मुलगी तिच्या ७६ वर्षांच्या वडिलांना घेऊन आली आणि वाटलं, आता ती लिहूनच टाकावी.

फोटोतली नदी थेम्स आहे. एमडी झाल्यावर काही वर्षं मी इंग्लंडमध्ये नोकरी केली. राहायला लंडनच्या नैऋत्येला होतो, किंग्स्टन आणि हॅम्प्टन कोर्ट यांच्या मधल्या भागात. रविवारी नदीकाठी फिरताना शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यती दिसायच्या. एकदा तिथल्या क्लबच्या फाटकावर चिठ्ठी पाहिली : क्रू हवा आहे, अनुभव नसला तरी चालेल. अनुभव नव्हताच. पोहायला मात्र मी गावच्या विहिरीत शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर आत गेलो.

चिठ्ठी लावणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. मी मनातल्या मनात त्यांना मास्तरच म्हणायचो. त्यांची होडी ‘एंटरप्राइज’ जातीची, जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली. लांबी जेमतेम सव्वातेरा फूट, बसणारे दोघे. मागचा माणूस सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो, पुढचा लहान शीड ओढतो आणि होडी कलली की बाहेर झुकून तिला सरळ ठेवतो. हा दुसरा हमाल म्हणजे मी. पहिल्या रविवारनंतर दोन दिवस मला जिना उतरता येत नव्हता. मांड्यांचे स्नायू न हलता ताणून धरणं म्हणजे काय, हे पुस्तकात वाचलेलं तेव्हा अंगाला कळलं.

नदीवरची शर्यत समुद्रासारखी ऐसपैस नसते. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन धरून, नागमोडी वळणं घेत पुढे सरकावं लागतं. थेम्स तिथे अरुंद, त्यामुळे वळण घेतलं न घेतलं तोच समोरचा काठ येतो आणि पुन्हा वळायचं. झाडांमुळे आणि इमारतींमुळे वारा मध्येच नाहीसा होतो, मध्येच भलत्या बाजूने येतो. (याच वाऱ्यासाठी तिथल्या ‘ए रेटर’ नावाच्या जुन्या होड्यांच्या डोलकाठ्या झाडांच्या वर जातील इतक्या उंच असतात.) प्रवाहाविरुद्ध जाताना काठाला चिकटून राहायचं, कारण काठाजवळ पाणी संथ असतं. पण फार चिकटलात की झाडाच्या फांदीत शीड. त्यातून हॅम्प्टन कोर्टला जाणाऱ्या प्रवासी बोटी, वल्ही मारणारे कॉलेजकुमार आणि हंस. हंस कोणाचेच नियम पाळत नाहीत.

वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र धावतात, म्हणून निकाल नुसत्या घड्याळावर लागत नाही. प्रत्येक जातीला एक आकडा ठरलेला असतो. संथ होडीचा आकडा मोठा, वेगवान होडीचा लहान. लागलेले सेकंद गुणिले १०००, भागिले तो आकडा. हा हिशेब दर रविवारी मास्तर करायचे, चहाचा कप डाव्या हातात धरून, कॅल्क्युलेटर न वापरता.

मेमधल्या एका रविवारी त्यांनी मला सुकाणू दिलं. आम्ही तिसरे होतो. वारा पाठीमागून होता. ज्यांनी हा खेळ केला नाही त्यांना वाटतं, वाऱ्याला तोंड देताना धोका असतो. तसं नाही. वारा पाठीशी असला की होडी त्याच्याबरोबरच जाते, त्यामुळे अंगाला वाराच लागत नाही, सगळं शांत वाटतं. त्याच वेळी मोठं शीड एका बाजूला पूर्ण पसरलेलं असतं. वारा जरा फिरून शिडाच्या मागच्या बाजूला आला, की ते शीड खालच्या आडव्या दांड्यासकट एका झटक्यात दुसऱ्या बाजूला येतं. या दांड्याला बूम म्हणतात. तो यायच्या आत ‘जाइब-ओ’ असं ओरडून पुढच्याला वाकायला लावणं हे सुकाणूवाल्याचं काम. मी पुढच्या होडीकडे बघत होतो. ओरडलो नाही.

बूम मास्तरांच्या डोक्याला कानाच्या वर लागला. आवाज ऐकला मी. ते खाली बसले, टोपी पाण्यात गेली. मी विचारलं, चक्कर? मळमळ? दोन दिसतंय का? बाहुल्या पाहिल्या, दोन्ही सारख्या. ते म्हणाले, ‘‘काही नाही, नुसतं टेंगूळ आलंय. होडी चालव, चौथा मागे आलाय.’’ मी चालवली. आम्ही तिसरे आलो.

आता खरी गोष्ट. मास्तरांच्या हृदयाचे ठोके अनियमित होते आणि गुठळी होऊ नये म्हणून ते वॉरफरिन घेत होते. तिकडे त्यासाठी पेशंटला पिवळी पुस्तिका देतात. ती त्यांच्या जाकिटाच्या खिशात असायची आणि मी ती अनेकदा पाहिली होती. त्या दिवशी ते माझ्या ओपीडीत आले असते, तर मी त्यांना सीटी स्कॅन केल्याशिवाय घरी सोडलं नसतं. होडीत मी डॉक्टर नव्हतो, तिसऱ्या नंबरवरचा सुकाणूवाला होतो. यापेक्षा बरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

पुढचे दोन रविवार ठीक गेले. तिसऱ्या रविवारी निकालात गडबड निघाली आणि सगळे हसले. मास्तरही हसले, म्हणाले, वय झालं. चौथ्या रविवारी डोकं दुखतंय म्हणून ते पाण्यात उतरले नाहीत, काठावर बसून वेळ टिपत राहिले. मी कागद पाहिला. ४७ मिनिटांचे सेकंद त्यांनी ४७०० केले होते. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस मिनिटाला शंभरने गुणत होता. मग ते चहा आणायला उठले, तेव्हा डावा पाय किंचित घासत होता. चहा न पिताच त्यांना गाडीत घालून मी इमर्जन्सीत नेलं. स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला चंद्रकोरीच्या आकाराचं रक्त साचलेलं होतं.

याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. वय वाढतं तसा मेंदू थोडा आक्रसतो. मेंदू आणि त्याच्या बाहेरचं जाड आवरण यांच्यामध्ये ज्या बारीक शिरा असतात, त्या त्यामुळे ताणल्या जातात. एखादा किरकोळ धक्कासुद्धा अशी शीर फाडायला पुरतो. शिरेतलं रक्त धमनीसारखं जोरात येत नाही, झिरपतं. आक्रसलेल्या मेंदूभोवती जागा असल्याने सुरुवातीला दाब जाणवत नाही. म्हणून त्या दिवशी माणूस ठणठणीत असतो आणि दोन ते सहा आठवड्यांनी विसरायला लागतो, चालताना झोक जातो, एक हात-पाय हलका पडतो, दिवसा झोपून राहतो. तोवर टेंगूळ जिरलेलं असतं आणि घरचे ते विसरलेले असतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर हा धोका वाढतो. वॉरफरिन, असेनोकुमॅरॉल, अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगाट्रान ही त्यातली मुख्य नावं. क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

तर अशी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, मग तो बूमचा असो, बाथरूमच्या नळाचा असो की मोरीत घसरून भिंतीचा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि गोळीचं नाव आपणहून सांगा. बेशुद्धी आली नाही, उलटी झाली नाही, म्हणून थांबू नका. पहिला स्कॅन नॉर्मल आला तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. वागण्यात, बोलण्यात, चालण्यात फरक दिसला तर पुन्हा या. आणि घाबरून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती ज्या पक्षाघातापासून वाचवते, तो याहून वाईट असू शकतो.

त्या मुलीचे वडील तीन आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरले होते. बर्फ लावला, उतरलं. आता ते शर्टाची बटणं वरखाली लावत होते आणि घरात सगळे म्हणत होते, वयाप्रमाणे चालायचंच. रक्त पातळ करायची गोळी चार वर्षं चालू. मी त्यांना चालून दाखवायला सांगितलं आणि लगेच स्कॅनला पाठवलं. त्यांचंही ऑपरेशन झालं, आता घरी आहेत, बटणं नीट लावतात.

मास्तरांच्या कवटीला दोन छोटी भोकं पाडून रक्त काढलं. आधी औषधं देऊन वॉरफरिनचा परिणाम उलटवावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सला सतराचा पाढा म्हणून दाखवला, तिने मागितला नसताना. मी त्यांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, ओरडायचं असतं, एवढं लक्षात ठेव. होडीत ते पुन्हा बसले नाहीत, काठावरून शर्यती सुरू करून द्यायला लागले. परत आल्यावर पहिलं काम त्यांनी हे केलं की चुकलेल्या दोन्ही रविवारांच्या वेळा काढून निकाल पुन्हा मांडले आणि फलकावर लावले. त्यात आम्ही एका शर्यतीत तिसऱ्याचे पाचवे झालो.

फोटो त्यांनीच काठावरून काढला आहे. सुकाणूवर मी आहे, आणि नीट पाहिलंत तर माझं तोंड उघडं दिसेल.