शेंद्रा, चहा आणि 6 ग्रॅम मरून लोकर

शेंद्र्याला कुणी फिरायला जातं का? मी जाते. तेही लोकर घेऊन! एप्रिलमध्ये पारा 40 गाठत असतो आणि ही बाई टपरीवर बसून सुया चालवत असते. बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं वाटणारच.

तर झालं असं. फ्रीलान्स पत्रकाराचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा थोडं.’ 4 वर्षांपूर्वी औद्योगिक पुरवणीच्या कामासाठी शेंद्रा एमआयडीसीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मोबाईलवर टाईमपास करून कंटाळले आणि एक दिवस आईची विणकामाची पिशवी उचलली. आईची बोटं आता दुखतात, तिचं विणणं सुटलंय. पण तिने विणलेल्या प्रत्येक स्वेटरचा उरलेला गुंडा त्या पिशवीत होता. दादाच्या शाळेचा नेव्ही ब्लू, आत्याच्या बाळाचा पिवळा, माझा गुलाबी. आणि बाबांच्या हाफ स्वेटरचा मरून. बाबा चिकलठाण्याच्या एका कंपनीत होते. थंडीतल्या नाईट शिफ्टला तो स्वेटर ठरलेला. बाबा गेले, मग स्वेटरलाही कसर लागली. राहिला तो एवढासा गुंडा.

शेंद्र्याला जायचं तर सिडको बसस्थानकावरून जालना रोड धरायचा आणि विमानतळ मागे टाकायचं. गाव मूळचं मांगीरबाबांचं. चैत्रात इथं मोठी यात्रा भरते. 2001 साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि शेंद्रा हे नाव शहराबाहेर पोचलं. मग ‘ऑरिक’ आलं. शेंद्रा आणि बिडकीन मिळून 10 हजार एकरांची औद्योगिक नगरी! 2019 साली ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. रस्ते इतके रुंद की आपण खरंच मराठवाड्यात आहोत ना, असं वाटावं. तेवढ्यात समोरून शेळ्यांचा कळप येतो आणि खात्री पटते.

गंमत म्हणजे शेंद्र्याचं धाग्याशीही नातं आहे. ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पँडेक्सचा कारखाना इथंच, ऑरिकमध्ये. तुमच्या स्ट्रेच जीन्समध्ये आणि सॉक्समध्ये असतो ना, ताणला तरी पुन्हा जागेवर येणारा धागा, तोच हा. लोकरीला ही कला थोडीफार जन्मतःच येते, कारण तिचे तंतू मुळात कुरळे असतात.

माझं ब्लँकेट मात्र साधं. 10 सेंटिमीटरचे 120 चौकोन, सगळ्या ओळी सुलट. एका चौकोनात 40 ओळी, एका ओळीला साधारण 40 सेंटिमीटर धागा. म्हणजे चौकोनाला 16 मीटर. कुठला साहेब किती वेळ बसवतो, हे मला आता चौकोनांत सांगता येतं!

बघता बघता 108 चौकोन झाले. सगळे रंग संपत आले, मरूनला मात्र हात लागेना. किचनच्या काट्यावर ठेवला, 6 ग्रॅम. टेपने मोजला, 13 मीटर. पूर्ण चौकोनाला 3 मीटर कमी. खरं सांगू? मला हायसंच वाटलं. पुरत नाही म्हणजे वापरायला नको. वापरला की संपला.

त्या दिवशी टपरीवर फर्स्ट शिफ्ट सुटलेली एक मावशी शेजारी येऊन बसली.

‘‘काय विणायलीस गं पोरी, एवढ्या उन्हाचं?’’

सांगितलं. मरूनचंही सांगितलं.

‘‘आमच्या वाकळंत माझ्या मायचं लुगडं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘मधल्या थरात.’’

‘‘मग ते दिसत नाही ना, मावशी?’’

‘‘कुणाला दाखवायचंय? मला ठावं हाय ना, बास.’’

चहा संपवून ती तिच्या गाडीकडे पळाली. मी परतीच्या बसमध्ये हिशेब मांडला. मरूनचा पूर्ण चौकोन होत नाही, पण दोन ओळींना 80 सेंटिमीटरच लागतात. दोन्ही टोकं आत ओवायला आणखी 20. एका चौकोनाला 1 मीटर. म्हणजे उरलेल्या 12 चौकोनांत प्रत्येकी दोन ओळी सहज बसतात, वर मीटरभर शिल्लक!

आता 8 चौकोन झालेत. कधी पिवळ्याच्या मध्ये मरून, कधी नेव्ही ब्लूच्या कडेला. आईला दाखवले. तिने मरून ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘‘टाके जरा सैल घाल.’’ आमच्याकडे कौतुक असंच होतं!

4 चौकोन बाकी आहेत. परवा पुन्हा शेंद्र्याला गेले, तर साहेब मीटिंगमध्ये. म्हटलं, होऊ द्या निवांत!

तुम्हीही सुरू करताय?
एका ब्लँकेटला शक्यतो एकाच जाडीची लोकर घ्या. बारीक असेल तर दोन धागे एकत्र विणा. अस्सल लोकर आणि अ‍ॅक्रिलिक एकत्र करू नका, कारण गरम पाण्यात लोकर आटते, अ‍ॅक्रिलिक तशी आटत नाही. कुठली कोणती कळत नसेल, तर छोटासा तुकडा जपून जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.