शॉ यांच्या जेवणघरात



जूनमध्ये लंडनला मुलाकडे गेले होते. तिसऱ्याच दिवशी फ्रीजमध्ये मागे सरकवून ठेवलेला एक डबा दिसला. मटणाचा. मी काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून त्या घरात घास नीट उतरेना. सूनबाई गप्प, मुलगा गप्प.

शनिवारी त्यानेच गाडी काढली. "चल आई, तुला एका शाकाहारी लेखकाचं घर दाखवतो."

हर्टफर्डशायरमधलं एयट सेंट लॉरेन्स हे एवढंसं खेडं. दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झाडी आणि मधून एका गाडीपुरता रस्ता. समोरून कुणी आलं की एकाने मागे जायचं. गावात एक अर्धवट पडकं चर्च आहे. घरातून दिसणारा देखावा अडतो म्हणून अठराव्या शतकातल्या जमीनदाराने ते पाडायला घेतलं होतं म्हणे! असे लोक सगळीकडेच असतात.

जॉर्ज बर्नार्ड शॉ इथे 1906 पासून 1950 मध्ये वारले तोपर्यंत राहिले. आपल्या पुलंची 'ती फुलराणी' ज्यावरून आली, त्या 'पिग्मॅलियन'चे हे लेखक. दारातच त्यांच्या टोप्या अडकवलेल्या आहेत. बागेत लिहायची छोटी खोली आहे, उन्हाच्या दिशेने फिरवता येणारी. तिचं नाव त्यांनी 'लंडन' ठेवलं होतं. नको असलेला पाहुणा आला की घरातले सांगायचे, साहेब लंडनला आहेत. खोटंही नाही आणि खरंही नाही! मला अशी खोली लग्नानंतरची पंचवीस वर्षं हवी होती.

पण माझे पाय थांबले ते जेवणघरात. फायरप्लेसवर गांधीजींचा फोटो, आणि त्याच रांगेत लेनिन, स्टालिन. शॉ यांनी 1881 पासून मांसाहार सोडला. पत्नी शार्लट मात्र मांसाहारी. लग्न 1898 चं, त्या गेल्या 1943 साली. पंचेचाळीस वर्षं एका घरात दोन तऱ्हांचा स्वयंपाक.

खरं तर मी मनात वेगळंच घोकून आले होते. शॉ यांना पुढचा जन्म जैन घरात हवा होता, ही गोष्ट आपण सगळ्यांनी पाठशाळेत ऐकलेली. ती तिथेच उभं राहून मुलाला ऐकवायची होती. नाही ऐकवली. मला तिचा आधार कधी सापडलेला नाही, आणि व्हाउचरशिवाय नोंद करायची नाही हे मी बी.कॉम.ला शिकले आहे. त्या टेबलाकडे बघताना ती गोष्ट मुलावर उगारायची काठी वाटली.

बाहेर बाकावर डबा उघडला. दशम्या आणि बिनलसणाची शेंगांची चटणी. मुलाने तीन खाल्ल्या. मग खाली बघत म्हणाला, "आई, तू तो डबा पाहिलास ना?"

"पाहिला."

"तुला सांगायचा धीर नव्हता."

"मला आवडलेलं नाही, आणि आवडणारही नाही," मी म्हटलं. "माझा तवा आणि पातेली वेगळी ठेव. पण जेवायला मी एकटी आधी बसणार नाही."

परतताना त्याने दुकानात थांबून नवा तवा घेतला. जूनमध्ये तिथे सूर्य नऊनंतर मावळतो. सूनबाई साडेसातला कामावरून आली, तिचे हातपाय धुऊन झाले, तरी खिडकीत लख्ख ऊन होतं. आम्ही चौघं एकदमच बसलो.