केर काढण्यापूर्वीं

आमच्या घरीं सध्यां कुलवृत्तांत लिहिण्याचें काम चालू आहे. ताईआत्या सांगतात व आम्ही टिपून घेतों. त्यांचें वय ८८. कोंकणांतून आमचें बिऱ्हाड घाटावर कसें आलें, हें सांगणारें दुसरें माणूस आतां घरांत उरलेलें नाहीं. आणि त्यांचीही स्मृति अलीकडे क्षणांत उजळते व क्षणांत मावळते.

हा मजकूर आम्ही संगणकावर 'ईमॅक्स' नांवाच्या संपादकांत लिहितों. येथें संपादक म्हणजे मासिकाचा नव्हे; मजकूर लिहिण्याचें व सुधारण्याचें तें एक साधन आहे. त्याचा पहिला अवतार १९७६ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेंत झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं नव्यानें रचलेला ग्नू ईमॅक्स १९८५ सालीं प्रसिद्ध झाला, तोच आम्ही वापरतों. त्यांत 'डिरेड' म्हणून एक सोय आहे. तिच्यायोगें फोल्डरांतील सर्व फाइलींची यादी एखाद्या पानाप्रमाणें समोर उघडते. नको त्या नांवावर 'डी' दाबून खूण करावी. मात्र 'एक्स' दाबून होकार दिल्यावांचून कांहींच नाहींसें होत नाहीं.

परवां संध्याकाळीं ताईआत्या रंगांत आल्या होत्या. भर पावसांत खाडी ओलांडल्याची हकीगत त्यांनीं तासभर सांगितली. ऐकण्याच्या भरांत मजकूर सांठविण्याचें भान आम्हांस राहिलें नाहीं, आणि तेवढ्यांत वीज गेली! वीज आल्यावर फाइल उघडून पाहतों तों जुनीं दोनच पानें. पडद्याच्या तळाशीं इंग्रजींत एक ओळ उमटली होती. पण ती वाचण्याइतकें आमचें चित्त ठिकाणावर नव्हतें. ताईआत्यांना पुन्हां विचारलें, तर "कसली रे होडी?" असें त्यांनींच आम्हांस विचारलें.

खिन्न मनानें आम्ही यादी उघडली. मूळ नांवाशेजारीं तेंच नांव दोनदां दिसत होतें. एकाच्या शेवटीं नागमोडी रेघ, तर दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंस # असें चिन्ह. हा सारा केर समजून आम्हीं दोहोंवर खुणा केल्या. 'एक्स' दाबून होकार देणार, तोंच कचेरींतून परतलेली सूनबाई मागें येऊन उभी राहिली.

"मामंजी, थांबा! आपण पुसायला निघालांत, तीच ताईआत्यांची गोष्ट आहे."

नागमोडी रेघेची ती सांठवण्यापूर्वींची जुनी प्रत, असें तिनें समजाविलें. # चिन्हांची प्रत मात्र संपादक मुकाट्यानें लिहीत असतो. ३०० कळा दाबून झाल्या कीं, अथवा हात सुमारें ३० सेकंद थांबला कीं. काम रीतसर सांठविलें म्हणजे ती आपोआप जाते. ती मागें राहिली आहे, याचाच अर्थ कांहींतरी सांठवावयाचें राहून गेलें आहे. तळाची ती ओळ हेंच सांगत होती! तिनें खुणा पुसविल्या, फाइलींत 'रिकव्हर-धिस-फाइल' ही आज्ञा द्यावयास लाविली, आणि खाडी, पाऊस, होडी सारें परत आलें. गेली ती केवळ शेवटची दीड ओळ.

मजकूर सांठवून यादीकडे परतलों, तों # चें नांव तेथेंच! उघडूं गेलों, तर अशी फाइलच नाहीं असें उत्तर. आमच्या पोटांत पुन्हां गोळा उठला. सूनबाई हंसून म्हणाली, "ही यादी म्हणजे आरसा नव्हे, फोटो आहे. 'जी' दाबा, म्हणजे नवा निघेल."

आमचे वडील जुनीं पत्रें तारेंत ओंवून ठेवीत. त्यांच्या पश्चात् आम्हींच तीं रद्दींत घातलीं. त्या वेळीं थांबा म्हणणारें कोणी मागें उभें नव्हतें. खूण करणें व पुसून टाकणें यांमध्यें ज्यानें ही एक पायरी ठेविली, त्याला घरांतल्या जुन्या कागदांची किंमत ठाऊक असावी.

रात्रीं तो भाग ताईआत्यांना वाचून दाखविला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येंच म्हणाल्या, "अरे, होडी नव्हे, पडाव होता तो."

आम्हीं तो शब्द दुरुस्त केला, आणि तत्काळ फाइल सांठविली.