कुरखेड्यातला विश्वचषक

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत आपला संघ अंतिम सामना हरला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या प्राध्यापक-कक्षात सुतक पाळले गेले. सलग दहा सामने जिंकून अकराव्यात माती खाल्ली. असे दुःख आजवर कोणी भोगले नाही, असा ठराव चहाबरोबर संमत झाला. मी गप्प होतो. या दुःखातली माझी ज्येष्ठता २००७ सालची आहे, आणि ती मी कुरखेड्यात मिळवलेली आहे.

कुरखेडा कोठे आहे हे तुम्हांला ठाऊक नसेल तर संकोच नको, मलाही नव्हते. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला नोकरीच भूगोल शिकवते. नागपूरहून ब्रह्मपुरी मागे टाकली, वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा लागते. तिथून एस. टी. धानाच्या बांध्या, बोड्या आणि मग जंगल अशा क्रमाने आपल्याला सतीनदीकाठच्या या तालुक्याच्या गावी आणून सोडते. पूर्वी हा मुलूख चांदा जिल्ह्यातला. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला. दिवाळी सरली की या झाडीपट्टीत नाटके सुरू होतात आणि ती पहाटेपर्यंत चालतात. जागरणाला इथे कोणी नवल म्हणत नाही, हे मला पुढे उपयोगी पडले.

माझी नेमणूक तासिकांवर होती. दादरच्या चाळीत वाढलेला मुलगा बँकेची परीक्षा सोडून अशा नोकरीसाठी जंगलात जातो, हे अण्णांना मानवले नव्हते. निघताना ते स्टेशनावर आले नाहीत. पुढे एस. टी. डी. बूथवरून फोन केला तर "बरा आहेस ना?" आणि "हं" यांपलीकडे गाडी सरकेना. एक विषय तेवढा शाबूत होता. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवले तेव्हा अण्णा जिन्यात नाचले होते म्हणे. मीही त्याच जिन्यात चेंडू टाकायला शिकलो होतो. म्हणून मार्चमध्ये वेस्ट इंडीजमधला विश्वचषक सुरू झाला तेव्हा मला झालेला आनंद नुसता क्रिकेटचा नव्हता. दीड महिना बापलेकांना बोलायला पुरेल, एवढा ऐवज हाती आला होता.

तो आठवड्यात संपला. १७ तारखेला बांगलादेशने आपल्याला १९१ धावांत गुंडाळले आणि पाच गडी राखून हरवले. "एखादा दिवस असतो," अण्णा म्हणाले. १९ तारखेला, ऐन पाडव्याच्या दिवसांत, बर्म्युडाविरुद्ध ४१३ धावा झाल्या, आणि त्या सकाळी बूथचे मीटर पाहून मालकच मला "सर, पुरे" म्हणाला. राहिला श्रीलंकेचा सामना. जिंकणे भाग होते.

सामना आपल्याकडे संध्याकाळी सातला सुरू होई. त्या वर्षी भारनियमनाचा कहर होता, पण २३ मार्चच्या रात्री वीज गेली नाही. गेली असती तर बरे, असे वाटण्याची वेळ यायची होती. २५५ धावा हव्या होत्या. सचिन शून्यावर त्रिफळाचित. धोनी आला तसा पहिल्याच चेंडूवर परतला. एकटा द्रविड ६० धावा करून गेला. १८५ ला सगळे आटोपले तेव्हा घरमालकांच्या ओट्यावर मी आणि त्यांचे कुत्रे असे दोघेच उरलो होतो.

झोप येणे शक्य नव्हते. पहाटेआधी मालकांची आई टोपली आणि टॉर्च घेऊन बाहेर पडली. माझे तोंड पाहून थबकली.

"काऊन जी सर, घरचं कोनी गेलं का?"

"नाही आजी. भारत हरला."

"कोनासंग?"

"श्रीलंकेसंग."

तिने क्षणभर विचार केला. "लंका जितली? मंग त उलटाच झाला जी."

मी तिच्यामागून निघालो. गावाबाहेर बांधावर तिचे मोहाचे झाड होते. खालचा पाचोळा तिने आधीच जाळून जमीन स्वच्छ केली होती, आणि त्या काळ्या राखेवर फिकट पिवळी, रसाने फुगलेली फुले पडत होती. टप्, टप्. वास असा गोड की डोके जड व्हावे. "अस्वल येते मोहा खायाले," आजी म्हणाली, "बोलत राहजा." तेव्हा वाचकहो, त्या काळोखात वाकून फुले वेचता वेचता मी पोर्ट ऑफ स्पेनचा संपूर्ण सामना मोठ्याने सांगितला. अस्वल आले नाही.

मधेच तिने विचारले, "मंग आता संपला का?"

"जवळजवळ."

"मागच्या साली पानी आला. समदा मोहा सडला."

"मग?"

"मंग काय जी? यंदा आलो ना वेचाले."

हे ऐकून मी शहाणा झालो असे मात्र समजू नका. बर्म्युडाने बांगलादेशला हरवले तर आपण अजून टिकतो, असा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडला. ज्यांना सहा दिवसांपूर्वी हसलो त्यांच्यासाठी २५ तारखेला देव पाण्यात ठेवले. बांगलादेश सात गडी राखून जिंकला.

सोमवारी सकाळी फोन केला.

"बर्म्युडा," मी म्हणालो.

"हं," अण्णा म्हणाले.

मग दोघेही गप्प. मीटरचे आकडे पुढे सरकत होते. खरे सांगायचे तर मी घाबरलो होतो. एप्रिलअखेरपर्यंतचा विषय संपला होता, आणि दुसरा मजजवळ नव्हता. रिसीव्हर ठेवावा म्हणून मी हात हलवला, तेवढ्यात पलीकडून खाकरण्याचा आवाज आला.

"त्या रात्री सामना संपल्यावर केलंस काय तू?"

मी आजीचे सांगितले. राख, टोपली, टॉर्च. मोह वाळवून ठेवतात, भाजून खातात. दारूही काढतात, पण जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, हे मी घाईने जोडले. मोठ्याने बोलत राहावे लागते, तेही सांगितले.

"का?"

"अस्वल येतं."

पलीकडे शांतता. एक रुपया गेला असेल.

"केवढं असतं ते?" अण्णांनी विचारले.